संथ पाण्यातली हाक

सिंगापूर, रविवार, १२ मार्च २००६

संध्याकाळी मेलबर्नहून मुक्ताचा फोन. "आई, दर वर्षी या ना. इथलं पाणी बाबांना मानवलं." मी हो म्हणाले. लेकीला दुसरं काय सांगणार होते?

गेल्या आठवड्यात तिनं आम्हाला तिथल्या उपसागराकाठचे किनारे फिरवले. लाट म्हणून नाही, कंबरभर पाणी, लहान मुलंही निर्धास्त डुंबत होती. कॉन्व्हेंटात आम्हा मुलींना पियानो शिकवला, पोहणं नाही. "मी शिकवीन," असं ह्यांनी लग्न झाल्या झाल्या कबूल केलं होतं. इथे ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर नुसतेच चालत राहिलो. शेवटी तिथे शिकवलं. पाठीखाली ह्यांचा तळवा, आणि मी आकाशाकडे बघत तरंगत होते. किती हलकं वाटलं!

मग तो तळवा निघून गेला. नाकातोंडात पाणी. कशीबशी उभी राहिले, तर हे खोल पाण्याकडे चाललेले. "अहो! अहो, थांबा!" वळले नाहीत. हाक आपल्यालाच आहे हे कळलंच नसावं. शेवटी आयुष्यात पहिल्यांदा नाव घेऊन ओरडले, "श्रीधर!"

लगेच वळले. लहान मुलासारखे हसले. "आलो गं, आई."

काठावर मुक्ता टाळ्या पिटत तिच्या सिंगापुरी ढंगात ओरडली, "फायनली लाह, आई! बाबांना नावानं हाक!" ह्यांचं उत्तर तिला ऐकू गेलं नव्हतं. मी अजून सांगितलेलं नाही. तो तळवा मात्र पाठीला अजून जाणवतो.

आता जेवायला बोलवायचं आहे. हे गॅलरीत बसलेत. "अहो" ओठांवर येतं, पण धीर होत नाही. हाक न मारताच जाते, खांद्यावर हात ठेवते.