उलट्या बसलेल्या आठ चकत्या

३ फेब्रुवारी
प्राचार्य दिनकररावांनी लेखी खुलासा मागितलाय — मी धम्मशीलाचा वर्गासमोर अपमान केला म्हणे! खुलाशात मी खरं लिहिणार नाही. म्हणून इथे लिहिते.

मुलगी पिंगळीहून रेल्वेने येते. बाप सिताराम ट्रॅकमन. रुळातली भेग शोधणारी अल्ट्रासाऊंडची ट्रॉली ढकलतो. त्या ट्रॉलीत प्रत्येक कोनाला ध्वनी सोडणारा वेगळा प्रोब. हिला वाटलं, एकाच प्रोबने सगळे कोन बघता येतील. विजेच्या धक्क्याने ध्वनी सोडणाऱ्या सिरॅमिकच्या सोळा चकत्या एका ओळीत. प्रत्येकीला शेजारणीपेक्षा किंचित उशिरा विजेचा धक्का द्यायचा — काहीही न हलवता ध्वनीचा झोत वळतो. कल्पना चांगली. माझ्या अठ्ठावीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याला सुचली नव्हती.

काल नांदेडच्या प्रकल्प स्पर्धेच्या निवडीचं प्रात्यक्षिक. झोत वीस अंशांवर हवा. तिथे शून्य, आणि दोन्ही बाजूंना दोन फाटे. मी म्हणाले, "सवलतीवर प्रवेश मिळतो, डोकं मिळत नाही." पोरं हसली. ती म्हणाली, "मॅडम, प्रत्येकीचा उशीर मी तीनदा मोजलाय."
"चौथ्यांदा घरी मोज."

५ फेब्रुवारी
कॉलेज सुटल्यावर एकेक चकती दाबून मीटर बघितला. पहिल्या आठ बरोबर. नऊ ते सोळा उलट्या!

चकतीच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. धन बाजूला ठिपका असतो, तेवढीच खूण. चकत्या आठ-आठच्या दोन डब्यांत आल्या; डिसेंबरात दुसऱ्या डबीतल्या मीच स्पिरिटने पुसल्या — बोटांचे डाग मला खपत नाहीत. ठिपके गेले. मीच पुन्हा काढले. अंदाजाने. तेव्हा धम्मशीला म्हणाली होती, "मॅडम, एकदा तपासून घेऊ का?"
"माझ्या हातच्या खुणा तपासणार तू?"
नाही तपासल्या तिने.

६ फेब्रुवारी
सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी
सिताराम आला. बसा म्हटलं नाही. दारातूनच बोलला, "मॅडम, लेकरू पाच दिस झाले नीट जेवंना. काय चुकलं तेवढं सांगा. ती करंल दुरुस्त."
मी हजेरी लिहीत राहिले. मग म्हणतो, "आमचे साहेब ट्रॉली काढायच्या आधी एकेक प्रोब बघून घेतेत. म्हणून इचारतो — माल बराबर व्हता न्हवं?"
"ट्रॉली ढकलणाऱ्याने मला शिकवायचं?"
"न्हाई मॅडम, तसं न्हाई. पोरगी तुमचंच नाव घेती हो घरी. मॅडमसारखं व्हायचं म्हणती."
जाताना दार लावून घ्या म्हटलं.

९ फेब्रुवारी
दिनकररावांची केबिन. ते वाक्य मी बोललेच नाही, असं लिहून दिलं. वर्गातल्या कुणीही काही ऐकलेलं नाही — प्रॅक्टिकलचे गुण माझ्या हातात आहेत. धम्मशीलाला विचारलं तर म्हणाली, "सर, खुणा मी तपासायला पाहिजे होत्या. चूक माझीच हाय."
कुणाच्या खुणा, हे तिने सांगितलं नाही. सरांनी विचारलंही नाही.
"मग नांदेडला यादीतलं पुढचं नाव पाठवू," ते म्हणाले. पुढचं नाव वैष्णवी. माझ्या भावाची मुलगी.

१० फेब्रुवारी
आठ चकत्यांच्या तारा उलटवल्या. वीस मिनिटांचं काम. झोत वीस अंशांवर. तीसवर. उजवीकडे, डावीकडे — सुरेख!

११ फेब्रुवारी
वैष्णवीच्या ताब्यात दिलं: सोळा चकत्यांची पट्टी, एक, चालू. सर्किट, एक. आलेख, बारा. धम्मशीलाची वही, एक — नावाचं पान काढून.
मिळाल्याची सही घेतली.