चाकाची वही आणि तीन लेकरे

मी, वय एकाहत्तर, सायकली दुरुस्त करणाऱ्याची विधवा, सातवीपर्यंत शाळेत आणि पुढे आपली आपण शिकलेली, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या भरीस न पडता, माझ्यामागे काय कुणाचे ते लिहून ठेवते.

१. दुकान व वरची खोली मुलगा-मुलीने निम्मी निम्मी घ्यावी. बँकेतली ठेव मुलीची. माझ्या आजारपणात रजा काढून तीच राहिली. मुलाने तोंड वाकडे करू नये.

२. यांची हत्यारे समोरच्या पंक्चरवाल्याला. दोघांचे कधी पटले नाही, पण त्याचा हात चांगला, हे यांनाही मान्य होते.

३. माझे भिंग धाकट्या दिरांना. "वहिनी भाजी निवडायची सोडून डिक्शनरी निवडतात," असे ते चारचौघांत म्हणाले होते. चष्मा लावूनही त्यांना बरेच दिसायचे राहिले आहे.

४. शब्दांची वही मुलीला. इंग्रजीतला 'व्हील' कुठून आला, हे शोधण्यात माझी अकरा वर्षे गेली. संस्कृतातले चक्र, ग्रीकांचे कुक्लोस, आपले चाक, इंग्रजांचे व्हील, सगळी एकाच शब्दाची लेकरे. सायकलही त्या ग्रीकांच्याच घरची. हे सांगायला मी धावत दुकानात गेले. यांच्या हातातले चाक फिरतच राहिले.

"म्हणजे जन्मभर मी एकाच शब्दात हवा भरतोय?"

"हो ना!"

"आणि तो मूळ शब्द?"

"तो कुणी लिहिलेला नाही, ऐकलेला नाही. लेकरांच्या तोंडावळ्यावरून विद्वानांनी ताडलाय. म्हणून पुस्तकात त्याच्या आधी चांदणी काढतात. सापडला नाही, पण होता."

यांनी हाताने चाक थांबवले. मग म्हणाले, "आपल्या थोरलीसारखा."

थोरली एकच दिवस जगली. नाव ठेवायचे राहिले. अडतीस वर्षांत यांनी तिचा विषय काढला तो एवढाच. पुढच्या महिन्यात हे गेले.

५. माझ्या निधनाची बातमी देताना 'तीन लेकरांची आई' असे छापावे. मसुदा वाचून मुलगा म्हणाला, "आई, लोक विचारतील, तिसरं कोण?"

"विचारू देत. थोरली म्हणून सांग."

"नाव काय सांगू?"

नाव नाही. म्हणून तुम्हा दोघांच्या नावांआधी एक चांदणी काढावी. अट मोडलीत तरी घर तुमचेच राहील. पण बाळांनो, मोजताना तिच्यापासून सुरुवात करा.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), वाचनालयातल्या बाई (सही)

स्थळ: दुकानावरची खोली
दि. ९ मार्च

लिहून देणार: * आणि तिच्या भावंडांची आई (सही)