वहीतली दोन हरणं

ताई,

तुमच्यासारखीच तुमच्या भावाचीही नजर जाऊ लागली तर लगेच कळवायला तुम्ही मला बजावलं होतंत.

सुट्टीत आम्ही सायकलींवरून जंगलात गेलो. दोघांना दिसलेला प्राणीच वहीत लिहायचा, हा आमचा लग्नापासूनचा नियम. सकाळपासून हे "दिसला, दिसला" म्हणत होते, पण भलतीकडेच बघून. शेवटी मी रिकाम्या माळाकडे बोट दाखवलं.

"ते बघा, हरीण!"

"एक कुठे, दोन आहेत की," हे हसून म्हणाले.

मी वहीत दोन हरणं लिहिली.

परतताना मी पुढे राहून प्रत्येक वळणावर घंटी वाजवली. एकदा विसरले, तर मागून आवाज आला, "घंटी वाजव गं."

त्यांनी मला एवढंच सांगितलंय. बाकीचं सांगतील तोवर हे पत्र वहीतच राहील.

तुमची भावजय