दीड तासाची वजाबाकी

ताइपिंग
१६ डिसेंबर २०२४

प्रिय सरवण,

रविवार, ८ डिसेंबर, दुपारी चार वाजून सतरा मिनिटं. लेखाच्या बदलांच्या इतिहासात ही वेळ सकाळची आठ सतरा दिसते, कारण आपल्या ऑनलाइन विश्वकोशाचं घड्याळ लंडनच्या वेळेवर चालतं. त्यात आठ तास मिळवायचे, हे तू आणि मी इतकी वर्षं न बोलता करत आलोय. तर त्या वेळी मी बाजारातून आणलेला पॉपियाचा रोल ताटलीत काढत होते, आणि तू तिकडे इपोहला बसून, मी काढलेलं वाक्य लेखात परत घातलंस. कारण लिहिलंस: ‘छापील आधार आहे. आपली आकडेमोड हा आधार नव्हे.’ मी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढलं. तासाभरात तू पुन्हा घातलंस. या वेळी कारणही लिहिलं नाहीस. वर तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पानावर पाटी लावलीस, ‘काही काळ विश्रांती’. फोन उचलत नाहीस, निरोप वाचत नाहीस. म्हणून हे टपालाने. पोस्टमन तरी तुझ्या दारापर्यंत येईल.

ते वाक्य मला पाठ आहे. ‘सार्जंट फुमन सिंग याने घाबरून पूल दीड तास आधीच उडवला, त्यामुळे पिछाडीचे बत्तीस जण नदीपलीकडे अडकले.’ खाली त्या लढाईचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नलसाहेबांच्या पुस्तकाचं नाव आणि पान. २६ डिसेंबरला, जपान्यांशी झालेल्या १९४१च्या लढाईच्या वर्षदिनी, सुंगाई लेंगाईच्या पुलाचा आपला लेख मुखपृष्ठावर लागतोय, आणि तिथल्या चार ओळींच्या सारांशात हेच वाक्य आहे. ते वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे तुला माहीत आहे. एरवी दहा-वीस हौशी लोकांनी वाचलं असतं, त्या दिवशी लाखभर लोक वाचतील, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेतली पोरं ते निबंधात उतरवून काढतील. मी एकतीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये गणित शिकवलं. एकदा वहीत उतरलेलं चुकीचं उत्तर पुसायला किती कष्ट पडतात ते मला विचार.

आपली ओळखच भांडणातून झाली, म्हणून भांडणाचं मला काही वाटत नाही. तू ‘पहारेकरी’ या टोपणनावाने लिहायचास, मी माझ्या नावाने. त्या पुलावर तोफा दोन की तीन, यावर आपण चर्चापानावर तीन आठवडे एकमेकांचं डोकं खाल्लं होतं. तू लिहिलंस, “बाई, तुम्ही शाळेत शिकवता की काय?” मी लिहिलं, “शिकवत होते. तुम्ही मागच्या बाकावरचे दिसता.” मग सेरेंबानचे आपले दंतवैद्य डॉक्टर लिऊ मध्ये पडले: “अंकल, आंटी, तोफा किती ते राहू द्या, आधी तोंडं बंद करा. मला दिवसभर उघडीच बघायला लागतात.” शेवटी तोफा दोनच निघाल्या. तू म्हणालास तेवढ्याच. मी ते त्याच दिवशी मान्य केलं. नोंद आहे.

तुझ्याइतका काटेकोर माणूस मी आपल्या या उद्योगात पाहिला नाही. सगळे आपापल्या बाजूच्या पलटणीला झुकतं माप देतात, तू कधी दिलं नाहीस. फुमन सिंगवरचं ते वाक्यही मुळात तूच लेखात घातलंस, नऊ वर्षांपूर्वी, पानाच्या आकड्यासकट. लिऊ तेव्हा म्हणाले होते, “अंकल, स्वतःच्याच समाजाच्या माणसाबद्दल असं लिहिताना हात नाही कापला?” तू उत्तर दिलंस, “छापलंय ते लिहिलं. मला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही.” मी तुझं कौतुक केलं होतं. ते कौतुक मी आता परत घेते.

आपण तिघे पुलावर गेलो होतो तो दिवस आठवतो? जुन्या पुलाचे चार खांब नदीत उभे, वरून काही नाही. लिऊ हातात नकाशा घेऊन चहाच्या दुकानामागे शिरले आणि ओरडले, “तोफ इथे होती!” दुकानदार म्हणाला, “साहेब, तिथे आमचं संडास आहे. तोफ असेल तर काढून न्या, आमची अडचणच होते.” आम्ही हसून लोळत होतो आणि तू खाली पाण्याकाठी, बूट काढून, एकटाच उभा होतास. फोटोला बोलावलं तर आला नाहीस. परतताना गाडीत तू एक गोष्ट सांगितलीस, कुणी विचारलेली नसताना. तुझे वडील कधी घड्याळ घालत नसत. निवृत्तीच्या वेळी रेल्वेने त्यांना दिलेलं घड्याळ शेवटपर्यंत डबीतच राहिलं. घरात कुणी घाल म्हटलं की म्हणायचे, “मला कशाला? किती वाजले ते साहेबलोकांना जास्त कळतं.” लिऊ हसले. मीही हसले. म्हातारे लोक असतात लहरी, असं मला वाटलं.

ऑक्टोबरमध्ये तुझी आई गेली. मी इपोहच्या गुरुद्वारात भोगाला, तिच्या नावाच्या शेवटच्या पाठाला, आले होते. डोक्यावर माझी चर्चमधल्या मिस्साची जाळीची ओढणी होती, ती बघून तुझी बहीण म्हणाली, “आंटी, रुमाल नको, हे चालेल. देव ओळखतो.” मी जमिनीवर बसून डाळ-रोटी खाल्ली. माझ्या गुडघ्यांना अजून ते आठवतं. तू मला दारापर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, “बीजी सत्त्याण्णव वर्षं जगली, पण लेंगाईचं नाव घरात काढू दिलं नाही.” मी म्हटलं, लढाईत होरपळलेली पिढी, असंच असतं. तुझ्याशी आणखी काही बोलावंसं वाटत होतं. पण मागे लोक खोळंबले होते.

मग नोव्हेंबरात लिऊंनी तो कागद पाठवला. पूल घ्यायला आलेल्या जपानी पलटणीची रोजनिशी, एका विद्यापीठाच्या त्रैमासिकात भाषांतर होऊन छापलेली. म्हणजे आपल्या नियमात बसणारा, छापील आधार. कर्नलसाहेबांनी तीच रोजनिशी वापरली होती. तिच्यात लिहिलंय की त्यांची पहिली तुकडी साडेसातला पुलाशी पोचली. आपल्याकडच्या सगळ्या कागदांत पूल सहाला उडाला. साहेबांनी वजाबाकी केली, दीड तास निघाला, आणि त्या दीड तासात एका सार्जंटाची भीती भरून टाकली. पण भाषांतरकाराने पहिल्याच पानाच्या तळाशी लिहिलंय: सगळ्या वेळा तोक्योच्या. जपानी सैन्य कुठेही गेलं तरी घड्याळ तोक्योचंच ठेवायचं, आणि तोक्यो तेव्हा मलायाच्या दीड तास पुढे होतं. त्यांचे साडेसात म्हणजे आपले सहा. ते पुलाशी पोचले आणि त्याच वेळी फुमन सिंगने कळ दाबली. ना आधी, ना नंतर. बत्तीस जण पलीकडे राहिले हे खरं, त्यातले नऊच परत आले हेही खरं. पण तो थांबला असता तर शत्रू पुलावरून अलीकडे आला असता, आणि मागे रस्त्यावर अख्खी ब्रिगेड माघार घेत होती. लिऊ फोनवर म्हणाले, “आंटी, पंचवीस वर्षं दात काढतोय, पण इतक्या सोप्या ठिकाणी इतकं जुनं दुखणं पाहिलं नाही.” ते तुला कळवायला मीच सांगितलं. तू एवढंच लिहिलंस, “पाहिलं.” आणि मी वाक्य काढलं तर तू ते परत घातलंस.

आपली आकडेमोड हा आधार नव्हे, म्हणे. आपला नियम काय आहे, तो तुझ्याइतका कुणाला पाठ नाही: आपण स्वतः शोध लावायचा नाही, पण साधी बेरीज-वजाबाकी चालते. साडेसातातून दीड वजा करणं हा शोध नव्हे सरवण, ही दुसरी इयत्ता आहे. तू रोज सकाळी बदलांचा इतिहास उघडतोस आणि लंडनच्या वेळेत आठ तास मिळवतोस. तेव्हा तुला आधार लागत नाही. मग एका मेलेल्या सार्जंटाच्या बाबतीतच तुझं गणित का अडतं?

आता पेच असा आहे. मी दोनदा काढलं, तू दोनदा घातलंस. आणखी ओढाताण केली तर लेखाला कुलूप लागेल, आणि कुलूप लागतं तेव्हा जुनं वाक्य आहे तसं राहतं. आपल्या गटाचा रिवाज असा, की ज्याने भाग लिहिला त्याच्या संमतीशिवाय वादातलं वाक्य हलवायचं नाही. तो भाग तुझा. लिऊ म्हणतात, “मी फक्त दातांचा माणूस, तुम्ही दोघं ठरवा.” बाकीचे तुझ्या दबदब्याने गप्प आहेत. तू विश्रांतीवर. आणि २६ तारीख काही विश्रांती घेत नाही.

आता हे मी चर्चापानावर का लिहिलं नाही ते सांगते. गेल्या बुधवारी रागाने तिथे लिहायलाच बसले होते, आणि एकदम तुझ्या आईचा भोग डोळ्यांसमोर आला. गुरुद्वाराच्या दाराशी तिचा फोटो होता, हार घातलेला, आणि खाली दोन ओळी, वरची गुरुमुखीत, खालची इंग्रजीत: स्वर्गीय सरदार फुमन सिंग यांच्या पत्नी. मी ती ओळ तेव्हा वाचली होती. माझ्या डोक्यात उजेड पडायला दोन महिने लागले, ही माझी लाज. घड्याळ, बूट, लेंगाई, सगळं एका ओळीत आलं. तू ते वाक्य नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने घातलंस, कुणी म्हणू नये की मुलाने बापाला झाकलं. आणि आता बाप निर्दोष निघाला, तरी काढू देत नाहीस, त्याच भीतीने. पण नातलगांबद्दलचा नियम नीट वाच. नातलगाने स्तुती करू नये असं तो म्हणत नाही. नातलगाने लेखाला हात लावू नये असं म्हणतो, आणि बापाच्या विरुद्ध लावलेला हातसुद्धा नातलगाचाच असतो. म्हणजे ८ तारखेला नियम तू मोडलास, मी नाही. नातलगाने काय करायचं तेही लिहिलंय: चर्चापानावर यायचं, नातं सांगायचं, आणि निर्णय इतरांवर सोडून बाजूला व्हायचं. तू कुणाचा मुलगा हे तिथे मी सांगितलं तर वाक्य आजच जाईल. पण ते सांगायचा हक्क माझा नाही. म्हणून पत्र. मला तुझ्याकडून दोन ओळी हव्यात, लेखी, चर्चापानावर, ‘पहारेकरी’ म्हणून नव्हे, सरवण सिंग, वल्द फुमन सिंग म्हणून. पुढचं लिऊ आणि मी बघतो. मंगळवार, २४ डिसेंबर, संध्याकाळी सहाच्या आत. मलेशियाचे सहा, लंडनचे नव्हेत, तोक्योचेही नव्हेत. त्यानंतर मी मिस्साला जाते आणि फोन घरी ठेवते.

त्या दोन ओळी येईपर्यंत रागावलेली, आणि तरी तुझीच,
कॉन्स्टन्स लाझारू