छतावरचं पावसाचं भांडं

५ जुलै १९९८, रविवार
भांडं बसलं! छतावर, तुळशीशेजारी. नात मुक्ता इंदूरहून घेऊन आली — संशोधन करतेय ना. म्हणे आकाशातला उपग्रह ढगांचे फोटो काढून सांगतो, क्षिप्रेच्या खोऱ्यात कुठे किती पाऊस पडला. तो खरं बोलतो की थापा मारतो, ते जागोजागच्या भांड्यांवरून पडताळायचं. चौथी पास बाई उपग्रहाची परीक्षा घेणार! नवी वस्तू म्हणून हळदकुंकू लावलं, जास्वंद वाहिली. मुक्ता हसली. "आजी, आत काही टाकू नकोस हं."
रोज सकाळी मोजायचं, ती फोनवर विचारणार. रोज! एरवी दिवाळीला करते.

८ जुलै
बावीस मिलिमीटर. उपग्रह म्हणाला वीस. पास केला त्याला. फ्रीगंजच्या बाजारात भाजीवाल्याला सांगितलं, तर म्हणतो, "माईजी, टमाटर कब सस्ते होंगे, वो पूछो उससे."

१४ जुलै, मंगळवार
आज आठ. उपग्रह म्हणे काल उज्जैनवर ढगच नव्हता. हरला की! रात्री पडला असेल. मी एकदा झोपले की दाराशी बँड वाजला तरी उठत नाही. पाणी जरा दुधाळ होतं — धूळ असेल.

२१ जुलै, मंगळवार
परत आठ, परत त्याचं शून्य. मी खुशीत. पण मुक्ता म्हणाली, "आमचे गाइड सर म्हणतात, पुढच्या मंगळवारीही असंच झालं तर ते भांडं काढून टाकू." म्हणजे फोनही गेला. "आजी, सोमवारी कोणी पाणी घालतं का त्यात?" मी म्हटलं, कोण घालणार? श्रावण तर शुक्रवारी लागतोय.
फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. शुक्रवारी आपला मराठी श्रावण लागतोय. हिंदीवाल्यांचा गुरुपौर्णिमेनंतरच लागला — काल श्रावणी सोमवारची महाकालाची सवारीसुद्धा निघाली!
खालच्या मजल्यावरच्या मीरा भाभींना विचारलं. "हाँ माईजी, हर सोमवार जल चढ़ाती हूँ, थोड़ा दूध डालके. आपने ही तो शिवलिंग बिठाया है, कुमकुम लगाके."
मुक्ताला लगेच कळवलं. हसता हसता तिला ठसका लागला. पण म्हणाली, सर काय म्हणतील माहीत नाही.

२७ जुलै, सोमवार
भांड्याचं कुंकू पुसलं. कुंडीत मातीची पिंडी केली. भाभींचा तिसरा सोमवार, माझा पहिला — दोघींनी मिळून पाणी घातलं.

२८ जुलै
भांड्यात शून्य. उपग्रहाचंही शून्य. शून्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. भांडं राहिलं.
मुक्ता म्हणाली, "उद्या फोन नाही करणार." मी विचारलं, का गं?
"उद्या मोजायला मीच येतेय."