शून्याला उघडं दार

मंगळवार, १४ नोव्हेंबर २०००. बरकतपुरा.

आज ऑफिसात ते शून्य सापडलं. कर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी गाभ्यात, गुप्त किल्ल्या सांभाळणारा जो जुना कोड मी महिनाभर निस्तरतोय, त्यात. किल्ली मागायला येणाऱ्याला तो कोड विचारतो, काय हवंय? नुसती बघायची, वाचायची की बदलायची? प्रत्येक परवानगीला एक खूण आहे. पण कुणी काहीच न सांगता आला, खूण शून्य, तर त्याला सरळ आत सोडतो! का? कुणी लिहिलं असेल असं?

शेजारच्या टेबलावरून रमणा म्हणाला, "कुछ नै बोला तो बाहर रख, यारो. सोचता क्या?" बरोबरच आहे. ती वाट बंद केली.

पण शून्य डोक्यातून जाईना. संध्याकाळी त्याच तंद्रीत घरी आलो, कडी वाजवली. आतून आईनं विचारलं, "कोण?" रोज मी "मी" म्हणतो. आज बोललोच नाही.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. ती धावत आली नि दार सताड उघडलं. मला बघून तिचा चेहरा... "तू होय," एवढंच म्हणाली नि आत गेली.

मग लक्षात आलं. "कोण?" म्हटल्यावर कधीच उत्तर न देणारे फक्त बाबाच होते. ते जाऊन तीन वर्षं झाली.

त्या कोडवाल्यानं ती वाट कुणासाठी उघडी ठेवली असेल? आणि मी ती बंद करून आलोय.