फ्रिजमागचा तक्ता

अहो,

मी आणि आई लेकीला घेऊन पालकसभेला शाळेत गेलोय. लैंगिक शिक्षणाचा तास सुरू करायचा की नाही, ते आज हात वर करून ठरणार आहे. जेवण गरम करून घ्या. गॅस कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेल, असं मी धरून चालते.

काल तुमचे साहेब चहाला आले, तेव्हा माझा गर्भाशयाचा तक्ता तुम्ही फ्रिजमागे कोंबलात. फ्रिज मला एकटीला सरकवत नाही. वर्गात मी काय शिकवणार ते पालकांना दाखवायचंय, म्हणून तक्ता घेऊन या.

आई आठवडाभर जिन्यात बायकांना गाठून सांगताहेत, "पहिली पाळी आली तेव्हा मला वाटलं, आता मी मरणार. घरात कुणी बोललंच नव्हतं. नातीला तरी आधी कळू दे." आता खालच्या वकीलबाईसुद्धा विरोध सोडून येताहेत.

लेक म्हणाली, "बाबा नाही यायचे, त्यांना लाज वाटते." मी म्हटलं, "येतील." माझी अब्रू तुमच्या हातात आहे.

आईंशेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवतोय. तक्ता गुंडाळताना चित्र आतल्या बाजूला घेतलंत तरी चालेल. हात मात्र लेकीला दिसेल इतका वर करा.

— मी